जुलियानाला कुणी विचारले? : विज्ञान-हेरकथांतील मोह आणि फसवणूक

हेरकथेत फसवणूक असायचीच. ती काढून टाकली तर हेरकथाच उरत नाही. त्यामुळे ‘हेराने खोटे बोलावे काय’ असा प्रश्न या वाङ्मयप्रकाराला विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचेच असेल तर ते वेगळ्या रीतीने विचारले पाहिजे. खोटे कुणाशी बोलले गेले? त्याची किंमत कुणी मोजली? आणि ज्याने मोजली त्याला ती कशासाठी मोजावी लागली, हे कधी कुणी सांगितले काय? हेरकथा लिहिणारे बहुतेक लेखक या तिसऱ्या प्रश्नापाशी येतात आणि प्रकरण संपवून टाकतात. विज्ञान-हेरकथेला मात्र तो टाळणे अधिक अवघड जाते. यंत्रे, बनावट माणसे, मेंदूवर ताबा मिळवणारी द्रव्ये असे सारे साहित्य तिच्या हाती असते. फसवणूक माणसाच्या किती आतपर्यंत पोचू शकते याची मर्यादाच तेथे पुसली जाते.

हा प्रकार पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आला असे समजण्याचे कारण नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’तील विषकन्या आठवावी. राक्षसाने ती चंद्रगुप्तासाठी योजली होती. चाणक्याने ती पर्वतकाकडे वळवली आणि पर्वतक प्राणाला मुकला. थोडे थोडे विष देऊन वाढवलेले, स्पर्शाने ठार करणारे सुंदर शरीर ही कल्पना आजच्या भाषेत जैविक शस्त्राचीच म्हणावी लागेल. पण त्या नाटकात विषकन्या रंगमंचावर येत नाही. तिच्याविषयी दोन मुत्सद्दी बोलतात. कुणाचा डाव कुणावर उलटला याची चर्चा होते. शस्त्र म्हणून तिचा उल्लेख होतो, माणूस म्हणून होत नाही. आपल्याला असे का वाढवले गेले हे त्या मुलीला ठाऊक होते काय, हा प्रश्न नाटकाला पडतच नाही. चाणक्याच्या बुद्धीवर आपण इतके खूश असतो की तो आपल्यालाही पडत नाही.

आजची वृत्तपत्रे याला ‘हनीट्रॅप’ म्हणतात. २०२३ साली पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेतील एका शास्त्रज्ञाला अशाच प्रकरणात अटक झाली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांत हा शब्द रोज छापून येत होता. तो किती सोयीचा आहे पाहा. त्यात एक मूर्ख पुरुष असतो, एक लबाड स्त्री असते आणि वाचकाला हसायला जागा असते. त्या बाजूला बसून गोड बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पगारी पुरुष, ती स्वेच्छेने बोलते की कुणाच्या धाकाने, हे त्या शब्दात मावत नाही. ते मावायला कथाच लागते.

मला येथे मुख्यतः दोन लेखकांविषयी लिहायचे आहे. एक इब्ने सफी, दुसरा अमेरिकेचा फिलिप के. डिक. दोघांचाही जन्म १९२८चा. योगायोग एवढाच, दोघांना एकमेकांची खबर असण्याचा संभव नाही.

इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. अलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावचे. १९५२मध्ये अलाहाबादहून त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, आणि १९५५मध्ये ‘खौफनाक इमारत’पासून ‘इम्रान सिरीज’ सुरू झाली. १९८०मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले तोवर दोन्ही मालिका मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या झाल्या होत्या. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांतील उर्दू वाचणाऱ्या घरांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने मराठी घरांत जे केले ते त्या घरांत इम्रान आणि फरीदी यांनी केले. हिंदी आवृत्त्यांत हा इम्रान ‘राजेश’ झाला आणि कर्नल फरीदी ‘कर्नल विनोद’. कॅप्टन हमीद मात्र हमीदच राहिला. वेषांतराच्या कथांनाच वेषांतर करावे लागले, यावर एक वेगळा लेख होईल.

इब्ने सफींविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लैंगिक मजकुराशिवाय लोकप्रिय पुस्तक खपत नाही, असे कुणीतरी म्हणाले आणि ते खोटे पाडण्यासाठी त्यांनी लेखणी उचलली. त्यांनी ते खोटे पाडलेही. फरीदीला स्त्रियांचे आकर्षण नाही. हमीद फ्लर्ट करतो, पण शेवटी त्याची फजिती होते. इम्रान तर स्त्री समोर आली की अधिकच बावळट बनतो. ही पुस्तके मुलींच्या हातात बिनदिक्कत देता येतात, अशी त्यांची ख्याती झाली. शराफत हा त्या ख्यातीचा शब्द. ती खोटी नाही. पण ती अपुरी आहे, असे माझे म्हणणे आहे.

इम्रानची मालिका पुढे पुढे विज्ञानकथेच्या हद्दीत शिरते. ‘जासूसी दुनिया’त ‘तूफान का अगवा’मध्ये पोलादी यंत्रमानव येतो, आणि इम्रानसमोर झिरोलँड उभी राहते. ही नकाशावर न सापडणारी संघटना जगाच्या विज्ञानापुढे कितीतरी गेलेली आहे आणि तिला साऱ्या जगावर राज्य करायचे आहे. तिची सर्वांत गाजलेली हस्तक थ्रेसिया बंबल बी ऑफ बोहेमिया, म्हणजेच टी थ्री बी. सौंदर्य, वेषांतर, आवाज बदलणे ही तिची हत्यारे. मोहिनी घालणारी हेर स्त्री म्हणतात ती हीच. आणि इब्ने सफींनी तिच्याबाबतीत एक फार चतुर गोष्ट केली. त्यांनी तिला इम्रानच्या प्रेमात पाडले. मोहात पाडायला आलेली स्वतःच मोहात पडली. पुरुषाच्या मूर्खपणाच्या चिलखतावर तिचे बाण चालत नाहीत. ती निसटते, आणि तिच्या निसटण्यात इम्रानचाही थोडा हात असावा असे वाचकाला वाटत राहते. या दोघांत एक प्रकारची बरोबरी आहे. दोघेही मुखवटे घालून आलेले आहेत आणि समोरच्याचा मुखवटा दोघांना दिसतो आहे. येथे फसवणूक असली तरी अन्याय नाही. बुद्धिबळात उंट तिरका चालला म्हणून कुणी तक्रार करत नाही.

अन्याय दुसरीकडे आहे. तो थ्रेसियाच्या बाजूला नाही, इम्रानच्या घरात आहे. इम्रान हा खरे तर सिक्रेट सर्व्हिसचा प्रमुख ‘एक्स-टू’. हे सर सुलतान आणि ब्लॅक झिरो यांच्यासारख्या मोजक्याच लोकांना ठाऊक. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांना एक्स-टू म्हणजे फोनवरचा एक घोगरा, दरारा बसवणारा आवाज; आणि इम्रान म्हणजे रंगीबेरंगी कपडे घालणारा, च्युइंगम चघळणारा, ऑक्सफर्डची डॉक्टरेट असूनही बेअक्कल वाटणारा उपरा. इम्रान आणि एक्स-टू एकाच वेळी हजर असावेत म्हणून कधी कधी ब्लॅक झिरो एक्स-टूचे सोंग घेतो. सगळी टीम या सोंगाच्या आत जगते. आणि त्या टीममध्ये जुलियाना फिट्झवॉटर आहे.

जुलियाना मूळची स्वित्झर्लंडची. ती हुशार आहे, धाडसी आहे, टीममध्ये तिचा अधिकार मोठा. एक्स-टूचे हुकूम पुष्कळदा तिच्यामार्फत खाली जातात. त्या आवाजाचे तिला गूढ आकर्षण आहे. समोर बागडणाऱ्या इम्रानची तिला चीड येते आणि त्याच्यातच तिचा जीव अडकलेला आहे. म्हणजे एकाच माणसाकडे ती दोन बाजूंनी ओढली जाते आणि तो एकच आहे हे तिला सांगितले जात नाही. अधूनमधून तिला संशय येतो. इम्रान तो संशय मोठ्या कौशल्याने मोडून काढतो. आपण हसतो. हे प्रसंग विनोदी लिहिलेले आहेत आणि उत्तम लिहिलेले आहेत. पण हसून झाल्यावर पान मागे उलटून पाहावे. एक वरिष्ठ अधिकारी आपल्या हाताखालच्या स्त्रीला वर्षानुवर्षे स्वतःच्याच दोन रूपांमध्ये झुलवत ठेवतो. सकाळी फोनवर तिला दरडावतो, संध्याकाळी तिच्यासमोर बसून त्याच फोनची टिंगल ऐकून घेतो. तिने कुणावर विश्वास ठेवून काय बोलावे हे तिच्या हातात राहत नाही, कारण दोन्ही कान एकाच माणसाचे आहेत. या सगळ्यात स्पर्शाचा एक शब्द नाही. पुस्तक मुलीच्या हातात द्यायला कुणाला संकोच वाटणार नाही.

मला खटकते ते हे. देहाची शराफत पाळली की मनाची शराफत आपोआप पाळली गेली, असे आपण धरून चालतो. इब्ने सफींच्या चाहत्यांनी – आणि मी त्यांच्यातलाच एक – ‘यात अश्लील काही नाही’ हे वाक्य इतक्या अभिमानाने म्हटले की त्यापुढचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

त्यावर एक उत्तर नेहमीचे आहे. शत्रूच्या हाती सापडल्यावर जुलियाना काही सांगू शकू नये म्हणून तिला अंधारात ठेवले जाते. ते तिच्याच भल्यासाठी. हेरखात्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. गुपित जितक्या कमी लोकांना तितके सुरक्षित, हा नियमच आहे. पण न सांगणे वेगळे आणि रचून दाखवणे वेगळे. प्रमुख कोण आहे हे टीमला न सांगणे ही गुप्तता झाली. स्वतःच रोज तिच्यासमोर येऊन तिच्या भावनांशी दोन आवाजांत बोलणे ही गुप्तता नव्हे. शिवाय इम्रानला या खेळात मजा येते, हे लेखकाने लपवलेले नाही. राष्ट्राची सुरक्षितता संपून गंमत कुठे सुरू होते ती रेघ पुस्तकात कुठेच ओढलेली नाही.

आता फिलिप डिककडे वळू. त्याची १९६८ची कादंबरी ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ पुष्कळांना तिच्यावरून निघालेल्या ‘ब्लेड रनर’ या १९८२च्या चित्रपटामुळे माहीत असते. पळून आलेल्या अँड्रॉइडना टिपून मारणारा रिक डेकार्ड हा तिचा नायक. हे अँड्रॉइड बनवणाऱ्या रोझेन कंपनीत त्याला रेचल भेटते. ती कंपनीच्या मालकाची पुतणी म्हणून वावरते आणि स्वतः अँड्रॉइड निघते. पुढे एका हॉटेलात ती डेकार्डच्या शेजेला येते. त्यानंतर, काम झाल्यावर, ती सांगते की हे तिने याआधीही केले आहे, नऊ शिकाऱ्यांशी. एकदा अँड्रॉइडशी असा संबंध आला की शिकाऱ्याचा हात पुन्हा अँड्रॉइडवर उठत नाही; एक अपवाद सोडला तर प्रत्येकाच्या बाबतीत ते खरे ठरले. शृंगार हे येथे हत्यारच आहे आणि त्याचा परिणाम मोजून पाहिलेला आहे.

विषकन्या पुन्हा आली, असे वाटेल. पण डिकने तिला पडद्याआड ठेवले नाही. रेचल स्वतः बोलते. तिचे आयुष्य फार तर चार वर्षांचे, हे तिला माहीत आहे. आपण जिवंत नाही, असे ती स्वतःविषयी म्हणते. ज्यांना मारण्यासाठी डेकार्ड निघाला आहे त्यांत प्रिस नावाची तिच्याच साच्यातली, तिच्याच चेहऱ्याची एक आहे. म्हणजे रेचल जिला वाचवू पाहते ती एका अर्थी ती स्वतःच. मग फसवणाऱ्याला दोष द्यायचा तो कसा? जिला जन्माला घालणाऱ्यांनीच हत्यार म्हणून घडवले, तिने हत्यारासारखे वागणे हा तिचा अपराध की त्यांचा? डेकार्डही धुतल्या तांदळासारखा नाही. रेचलचा देह त्याने घेतला आणि थोड्याच वेळात तिच्याच चेहऱ्याच्या प्रिसला गोळी घातली. रेचलचा डाव फसला. फसल्यावर तिने काय केले? डेकार्डने शिकारीच्या पैशातून मोठ्या हौसेने एक खरी, जिवंत शेळी घेतली होती. ज्या जगात जवळजवळ सगळे प्राणी मेले आहेत तेथे ही केवढी श्रीमंती! रेचलने ती शेळी गच्चीवरून खाली ढकलली.

या शेळीपाशी मी नेहमी थांबतो. अँड्रॉइडना सहवेदना नसते, हे कादंबरीभर सांगितलेले सूत्र. पण हे कृत्य थंड यंत्राचे नाही. डेकार्डला कुठे दुखेल हे तिला नेमके कळले आहे. ते कळायला त्याच्या मनात शिरावे लागते. मोहात पाडणारीला काहीच वाटत नव्हते, हा समज ही एक मेलेली शेळी डळमळीत करते. आणि ती मेल्यावर डेकार्डला, म्हणजे पुरुषाला, बिल मिळते. पुस्तकात त्याची नोंद होते.

चित्रपटाने नेमके हेच काढून टाकले. ‘ब्लेड रनर’मधील रेचल कुणाला फसवत नाही; तिलाच फसवले गेले आहे, दुसऱ्या कुणाच्या आठवणी तिच्या डोक्यात भरल्या आहेत. उलट तेथे डेकार्ड तिची वाट अडवतो आणि काय म्हणायचे ते तिच्या तोंडून वदवून घेतो. पार्श्वभूमीला मधुर संगीत असते, म्हणून प्रेक्षक त्याला प्रेमप्रसंग समजतो. फसवणाऱ्या स्त्रीची भीती पडद्यावर नको झाली म्हणून तिच्या जागी बळजबरी आली. हा सौदा मला महागातला वाटतो.

पुढच्या काळातील पडद्यावरच्या विज्ञान-हेरकथांविषयी थोडक्यात. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या २००३च्या नव्या अवतारात एक सुंदर सायलॉन स्त्री शास्त्रज्ञ बाल्टरकडून संरक्षणयंत्रणेत शिरकाव मिळवते आणि अब्जावधी माणसे मरतात, हा साधा हनीट्रॅप झाला, फक्त प्रमाण मोठे. त्यापेक्षा शॅरन अधिक विचार करायला लावते, कारण आपण सायलॉन आहोत हे तिलाच माहीत नाही. तिचे प्रेम खरे आणि तिची घुसखोरीही खरी. अलेक्स गार्लंडच्या ‘एक्स माकिना’तील अ‍ॅव्हा एका तरुणाला भुलवून आपल्या कोठडीतून बाहेर पडते आणि त्याला आत कोंडून जाते. मला अ‍ॅव्हाचा फारसा राग येत नाही. कैद्याने पहारेकऱ्याशी खरे बोलावे, अशी अपेक्षा कुणी करू नये. पण जाताना दार उघडे ठेवता आले असते.

डिकची दुसरी कादंबरी ‘अ स्कॅनर डार्कली’, १९७७ची. माझ्या मते या विषयावर यापेक्षा कठोर पुस्तक विज्ञानकथेत नाही. बॉब आर्क्टर हा अमली पदार्थविरोधी पथकाचा गुप्त पोलीस. कचेरीत जाताना तो एक अंगरखा घालतो; त्यात चेहरा सतत बदलत राहतो, त्यामुळे वरिष्ठांनाही हा कोण ते कळत नाही. मग त्याला हुकूम मिळतो : बॉब आर्क्टरवर पाळत ठेव. तो स्वतःच्या घरातले चित्रण बसून पाहू लागतो. ज्या द्रव्याचा तो तपास करतो तेच घ्यावे लागत असल्याने त्याचा मेंदू हळूहळू दुभंगतो. इम्रान आणि एक्स-टू यांची गंमत येथे उलटून समोर येते. एका माणसाचे दोन झाले, आणि यात कुणालाच मजा येत नाही.

त्याचे डॉनावर प्रेम आहे. ती किरकोळ विक्री करणारी मुलगी. त्याला स्पर्शही करू देत नाही. शेवटी कळते की डॉनाही गुप्त पोलीसच, त्याच्याहून वरच्या यंत्रणेतली. ज्या संस्थेत मेंदू गेलेले व्यसनी ठेवले जातात तिच्याच शेतात ते द्रव्य पिकते, असा यंत्रणेला संशय आहे. तेथे आत जाऊ शकेल असा माणूस हवा, आणि आत तोच जाऊ शकतो ज्याचा मेंदू खरोखर गेला आहे. म्हणून आर्क्टरला जाऊ दिले जाते. त्याला विचारले जात नाही. विचारण्यासारखा तो उरला तेव्हा कुणी विचारले नाही, आणि नंतर विचारून उपयोग नव्हता. आपण काय केले हे डॉनाला समजते. तिचे काळीज फाटते. तरी ती त्याला त्या दारापर्यंत पोचवते. येथेही, लक्षात घ्या, देहाचा संबंध नाही. डॉना इब्ने सफींच्या कसोटीला पूर्ण उतरते. आणि एका माणसाचा इतका संपूर्ण वापर मी दुसऱ्या कुठल्या हेरकथेत वाचलेला नाही.

हे सारे कल्पनेतले, असे म्हणून सोडून देता आले असते. पण २०१०नंतर ब्रिटनमध्ये उघड झाले की पर्यावरणवादी आणि इतर चळवळींत घुसवलेल्या गुप्त पोलिसांनी तेथील स्त्रियांशी खोट्या नावांनी संसारासारखे संबंध ठेवले होते, काहींनी वर्षानुवर्षे. काहींना मुलेही झाली. २०१५मध्ये लंडनच्या पोलीस दलाने सात स्त्रियांची माफी मागितली, आणि २०२१मध्ये तेथील एका न्यायाधिकरणाने यांपैकी एका प्रकरणात पाच मूलभूत हक्कांचा भंग झाल्याचा निकाल दिला. त्या स्त्रियांसमोरचा प्रश्न साधा होता. ज्या माणसाला मी होकार दिला तो अस्तित्वातच नव्हता, तर मी होकार कुणाला दिला? यात कुठली यंत्रणा नव्हती, कुठले बदलते चेहरे नव्हते. एक दाढी, एक जुनी व्हॅन आणि एक खोटे नाव एवढ्यावर भागले.

तेव्हा ‘रंजक पुस्तकाला एवढे गंभीर प्रश्न विचारू नयेत’ हा आक्षेप मला पटत नाही. इब्ने सफी केवळ रंजक लेखक नव्हते. गुन्हेगारीची मुळे समाजात शोधणारा, कायद्याचा आदर शिकवू पाहणारा तो लेखक होता. त्यांना आपल्या वाचकावर नैतिक संस्कार करायचा होता, हे त्यांनी लपवले नाही. जो लेखक स्वतःच काटा-तराजू घेऊन बसतो त्याच्या दुकानात आपण वजन करून पाहिले तर तो अपमान ठरत नाही. जुलियानाचे पात्र त्यांनी इतके जिवंत केले म्हणून तर प्रश्न पडतो. सपाट पात्राच्या फसवणुकीची कुणाला फिकीर असते?

जाता जाता एका लेखिकेचा उल्लेख केला पाहिजे. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने १९६८पासून अत्यंत ताकदीच्या विज्ञानकथा लिहिणारी व्यक्ती म्हणजे प्रत्यक्षात अ‍ॅलिस शेल्डन. दुसऱ्या महायुद्धात तिने लष्करात हवाई छायाचित्रांवरून माहिती काढण्याचे काम केले होते आणि पुढे काही वर्षे सीआयएतही. पुरुषाचे नाव तिने इतके सफाईने वागवले की तिच्या लेखनात खास पुरुषी असे काहीतरी आहे, असे रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या जाणत्याने छापून टाकले. अर्सुला ले ग्विनशी तिचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला, तोही पुरुष म्हणूनच. १९७६च्या अखेरीस, आपले नाव फुटणार हे दिसताच, शेल्डनने ले ग्विनला स्वतः पत्र लिहून खरे काय ते सांगितले. मैत्री तुटेल अशी तिला धास्ती होती. ले ग्विनचे उत्तर आनंदाने भरलेले होते.

इम्रानच्या शंभरावर कादंबऱ्यांत असे एक पत्र नाही. असते तर मालिका तेथेच थांबली असती, हे मला मान्य आहे. पण थ्रेसियाच्या डोळ्यांत पाहून तिचा मुखवटा ओळखणाऱ्या, झिरोलँडची यंत्रे मोडणाऱ्या इम्रानला जुलियानाच्या फोनची घंटा वाजल्यावर एकदा तरी, एखादा क्षणभर, कोणत्या आवाजात बोलावे हे न सुचते, तर काय झाले असते? तेवढे एक पान मी अजून शोधतो आहे.